नव्या प्राध्यापकांची संशोधन आणि लेखनाची पहिली दोन वर्षे : सोलापूर जिल्ह्यासाठी मार्गदर्शन

सोलापूर विद्यापीठाची स्थापना १ ऑगस्ट २००४ रोजी झाली आणि २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. एकाच जिल्ह्यापुरते कार्यक्षेत्र असलेल्या या विद्यापीठाच्या केगाव येथील विभागांत, तसेच सोलापूर शहर, बार्शी, पंढरपूर, अकलूज, सांगोला, मंगळवेढा, करमाळा अशा ठिकाणच्या संलग्न महाविद्यालयांत जे सहायक प्राध्यापक नुकतेच रुजू झाले आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. वर्गात कसे शिकवावे हे सांगणारे ज्येष्ठ सहकारी प्रत्येक महाविद्यालयात भेटतात, परंतु संशोधनाचा प्रश्न कसा निवडावा, परवानग्या कोठून घ्याव्यात, लेख कोणत्या जर्नलला पाठवावा आणि तो परत आला तर काय करावे, हे क्रमाने सांगणारे कोणी असतेच असे नाही. नव्या प्राध्यापकाला पहिला प्रश्न बहुधा ‘किती पेपर झाले?’ असाच विचारला जातो, आणि त्या दडपणाखाली घाईने केलेले लेखन पुढे अनेक वर्षे त्याच्या नावाला चिकटून राहते. म्हणून पहिल्या दोन वर्षांत संख्येपेक्षा एक नीट बांधलेला प्रश्न आणि एक नीट लिहिलेला लेख यांना प्राधान्य द्यावे, अशी या संपूर्ण मार्गदर्शनामागची भूमिका आहे.

पहिला महिना : नाव, नोंदणी आणि नियम

रुजू झाल्यावर सर्वप्रथम आपले नाव रोमन लिपीत कसे लिहायचे हे एकदाच ठरवावे. मराठी नावांच्या स्पेलिंगमध्ये फरक पडतो, कधी वडिलांचे नाव येते, कधी केवळ आद्याक्षर येते, विवाहानंतर आडनाव बदलते आणि मग एकाच व्यक्तीचे लेख वेगवेगळ्या नावांखाली विखुरले जातात. हे टाळण्यासाठी ऑर्किड हा संशोधकाचा ओळख क्रमांक काढावा. हा सोळा अंकी क्रमांक विनामूल्य मिळतो आणि संस्था किंवा आडनाव बदलले तरी तोच राहतो. त्याच बैठकीत इन्फ्लिबनेट या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ग्रंथालय-जाळे केंद्राच्या ‘विद्वान’ या संशोधकांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर आपली नोंद करावी. लेखावर छापायचे महाविद्यालयाचे व विद्यापीठाचे नाव अधिकृत स्वरूपातच लिहावे; विद्यापीठाच्या नामकरणापूर्वीचे नाव काही जण अजूनही लिहितात, त्यामुळे तो लेख विद्यापीठाच्या नोंदीत येतच नाही.

त्यानंतर सेवानियमांचे वाचन करावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे लागते. पीएच.डी. असलेल्या सहायक प्राध्यापकाला पहिल्या पदोन्नतीसाठी ४ वर्षे आणि पीएच.डी. किंवा एम.फिल. नसलेल्याला ६ वर्षे सेवा लागते. त्याच विनियमांतील गुणांकनात पीअर रिव्ह्यू (त्याच विषयातील तज्ज्ञ परीक्षकांकडून तपासणी) झालेल्या लेखाला विज्ञान शाखांत ८ आणि भाषा, मानव्यविद्या, समाजशास्त्रे व वाणिज्य यांत १० गुण आहेत. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला त्या गुणांच्या ७० टक्के मिळतात; दोनपेक्षा अधिक असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के आणि इतरांना प्रत्येकी ३० टक्के मिळतात. हे नियम बदलू शकतात, त्यामुळे सध्या लागू असलेला शासननिर्णय महाविद्यालयाच्या कार्यालयातून मागून घ्यावा आणि त्याची प्रत स्वतःच्या फायलीत ठेवावी. गुणांचा हिशेब ठाऊक असावा, परंतु तो डोळ्यांसमोर ठेवून विषय निवडू नये.

वाचनाची साधने कोठे मिळतात

ग्रंथपालांची भेट पहिल्या पंधरवड्यातच घ्यावी. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स शासकीय उच्च शिक्षण संस्थांना खुली करण्यात आली आहेत. आपली संस्था या योजनेत आहे का, आणि घरून वापरण्यासाठी लॉगिन कसे मिळते, हे दोन प्रश्न ग्रंथपालांना थेट विचारावेत. संस्था योजनेबाहेर असेल तर इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या ई-जर्नल व ई-ग्रंथ योजनेचे सदस्यत्व आहे का ते पाहावे. ‘शोधगंगा’ मात्र सर्वांसाठी खुली आहे. तिच्यावर देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध पूर्ण स्वरूपात वाचता येतात, आणि आपल्या विषयावर आपल्याच विद्यापीठात किंवा शेजारच्या शिवाजी विद्यापीठात आधी काय झाले आहे, हे पाहिल्याशिवाय विषय निश्चित करू नये.

सोलापूरविषयी काम करणाऱ्यांनी काही जुनी साधने हाताशी ठेवावीत. मुंबई गॅझेटिअरचा सोलापूर जिल्ह्यावरील विसावा खंड १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १८७६-७८ च्या दुष्काळाची, पिकांची, पेठांची आणि व्यवसायांची जी माहिती आहे, ती आजच्या तुलनेसाठी मोलाची आहे, अर्थात ती वसाहतकालीन अधिकाऱ्यांच्या नजरेतून नोंदलेली आहे हे लक्षात ठेवूनच वापरावी. जनगणनेची जिल्हा पुस्तिका हे दुसरे आवश्यक साधन आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६ नोंदली गेली होती. शहरातील हिराचंद नेमचंद वाचनालयात जुन्या मराठी ग्रंथांसाठी जावे. जैन साहित्य, प्राकृत किंवा संस्कृत यांचे अभ्यासक असतील तर जीवराज जैन ग्रंथमाला सोलापुरातूनच प्रकाशित झाली आहे, हे त्यांनी विसरू नये.

जे येथे मिळत नाही त्यासाठी पुणे एका दिवसात करता येते. हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी लवकर सोलापुरातून निघते आणि संध्याकाळी पुण्याहून परत फिरते. मधल्या वेळेत भांडारकर संस्था, डेक्कन कॉलेज, गोखले इन्स्टिट्यूट किंवा पुणे विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय यांपैकी एकाच ठिकाणी नीट काम होते. दोन ठिकाणी जाण्याचा मोह टाळावा. जाण्यापूर्वी ऑनलाइन सूचीवरून ग्रंथांचे क्रमांक उतरवून घ्यावेत, आणि आपल्या प्राचार्यांचे किंवा विभागप्रमुखांचे परिचयपत्र सोबत ठेवावे. मुंबई राज्याच्या काळातील महसुली किंवा गिरणीविषयक कागद हवे असतील तर पुराभिलेख संचालनालयाच्या मुंबई व पुणे येथील कार्यालयांत अर्ज करावा लागतो.

प्रयोगशाळेच्या विषयांतील प्राध्यापकांची अडचण ग्रंथांपेक्षा उपकरणांची असते. त्यांनी आय-स्टेम या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी करावी. देशातील कोणत्या संस्थेत कोणते उपकरण बाहेरच्या संशोधकांना शुल्क भरून वापरता येते, हे तेथे कळते.

प्रश्नाची निवड

सर्वाधिक वेळ येथे द्यावा. अनेक नवे प्राध्यापक ‘सोलापूर जिल्ह्यातील यंत्रमाग कामगारांचा सामाजिक व आर्थिक अभ्यास’ अशा शीर्षकाने सुरुवात करतात. हे शीर्षक म्हणजे एक क्षेत्र आहे. त्यात प्रश्न नाही. ज्या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देता येत नाही आणि ज्याचे उत्तर ‘नाही’ असे येण्याची शक्यताच नाही, त्यावर चांगला लेख उभा राहत नाही. सामाजिक-आर्थिक अभ्यासाचा निष्कर्ष बहुतेक वेळा ‘कामगारांची स्थिती बिकट आहे’ असाच निघतो, आणि तो काढण्यासाठी तीनशे प्रश्नावल्या भरून घेण्याची गरज नव्हती, असे परीक्षक म्हणणार हे निश्चित.

प्रश्न अरुंद करण्याची एक रीत सांगतो. कुंभारी येथील रे नगर वसाहतीचे उदाहरण घेऊ. तेथे ३०,००० घरांची योजना आखली गेली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांपैकी १५,००० घरांचे लोकार्पण झाले; लाभार्थ्यांत विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरावेचक असे असंघटित क्षेत्रातील लोक आहेत. ‘रे नगरचा अभ्यास’ हे क्षेत्र झाले. ‘शहराच्या पूर्व भागातून कुंभारीला राहायला गेलेल्या विडी कामगार महिलांचा पान-तंबाखू आणण्यात आणि तयार विड्या जमा करण्यात जाणारा वेळ वाढला का, आणि वाढला असल्यास दिवसाला वळल्या जाणाऱ्या विड्यांवर त्याचा काय परिणाम झाला?’ हा प्रश्न झाला. त्याचे उत्तर मोजता येते, ते अपेक्षेच्या विरुद्धही येऊ शकते, आणि घर व कामाची जागा यांच्या अंतराविषयी जगभर जी चर्चा चालू आहे तिला ते जोडता येते. हा शेवटचा भाग विशेष महत्त्वाचा आहे. सोलापूर हे आपल्या लेखाचे क्षेत्र असावे. सोलापूरबाहेरच्या वाचकाने तो का वाचावा, याचे उत्तर पहिल्या पानावर असलेच पाहिजे.

विज्ञान शाखांनाही हेच लागू आहे. केगावलाच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि तेल्या व मर या रोगांनी जिल्ह्यातील बागायतदारांचे मोठे नुकसान केले आहे. वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने अशा केंद्रातील शास्त्रज्ञांची भेट घेऊन ‘आपल्याकडे कोणत्या प्रश्नाला वेळ मिळत नाही?’ असे विचारल्यास जे उत्तर मिळेल, ते ग्रंथालयात महिनाभर बसून मिळणार नाही. कोरडवाहू शेती, मंगळवेढ्याची ज्वारी, उजनीचे पाणी आणि उसाखालील क्षेत्र, आषाढीच्या दिवसांत चंद्रभागेच्या पाण्याची गुणवत्ता, असे कितीतरी विषय आपल्या दाराशी आहेत.

स्वतःच्या पीएच.डी.च्या विषयाचे काय करावे, असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. माझ्या मते पहिल्या वर्षी प्रबंधातूनच एक लेख काढावा आणि नवा विषय समांतर हळूहळू उभा करावा. मात्र प्रबंधाचे प्रकरण जसेच्या तसे लेख होत नाही. प्रकरणाला आधीची-नंतरची प्रकरणे आधार देतात, तर लेखाला स्वतःच्या पायावर उभे राहावे लागते. प्रकरणातील एकच दावा निवडावा, त्याला लागणारी सामग्री ठेवावी आणि बाकीची काढून टाकावी; साहित्याचा आढावा पन्नास पानांवरून तीन पानांवर आणावा आणि त्यात केवळ ज्यांच्याशी आपला वाद किंवा संवाद आहे त्यांनाच स्थान द्यावे.

परवानग्या, संमती आणि भाषा

क्षेत्रकार्य सुरू करण्यापूर्वी लेखी परवानग्या मिळवाव्यात. माणसांकडून माहिती घ्यायची असेल तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मान्यता आधी लागते. ती नंतर घेता येत नाही, आणि चांगली जर्नल्स मान्यतेचा क्रमांक व दिनांक विचारतात. महाविद्यालयात अशी समिती नसेल तर विद्यापीठाकडे किंवा संबंधित विषयातील मान्यताप्राप्त समितीकडे अर्ज करावा. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात अभ्यास करायचा असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी आवश्यक आहे. त्यांचे कार्यालय नागपूरला आहे आणि अर्जाला वेळ लागतो, म्हणून हंगामाच्या पुष्कळ आधी अर्ज करावा. शाळांतील विद्यार्थ्यांविषयीच्या अभ्यासाला शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणि पालकांची संमती या दोन्ही गोष्टी घ्याव्यात.

सोलापुरात भाषेचा प्रश्न वेगळ्याने हाताळावा लागतो, आणि याकडे फार दुर्लक्ष होते. शहराच्या पूर्व भागात तेलुगू घरोघर बोलली जाते. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड, तर शहराच्या अनेक वस्त्यांत उर्दू किंवा दख्खनी बोलली जाते. मराठीत छापलेली प्रश्नावली घेऊन संशोधक अशा घरी जातो, कोणीतरी शेजारी तिचे तोंडी भाषांतर करतो, आणि प्रत्येक घरी ते निराळे होते. अशा सामग्रीवर केलेल्या संख्याशास्त्रीय चाचण्यांना अर्थ उरत नाही. योग्य पद्धत अशी : प्रश्नावलीचे तेलुगू किंवा कन्नड भाषांतर एका व्यक्तीकडून करून घ्यावे, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडून ते पुन्हा मराठीत आणावे, दोन्हींतील फरक तपासून दुरुस्त्या कराव्यात आणि आठ-दहा घरांत चाचणी घेऊन मगच मुख्य काम सुरू करावे. आपले पदव्युत्तर विद्यार्थी या भाषा घरी बोलणारे असतात. त्यांना या कामाचे प्रशिक्षण द्यावे, मानधन द्यावे आणि लेखात त्यांचा उल्लेख करावा. त्यांचे योगदान पुरेसे असेल तर त्यांना सहलेखकही करावे.

संमतीपत्र हे सहीपुरते नसते. विडी कामगार किंवा यंत्रमाग कामगार यांना ‘ही माहिती मालकाकडे जाईल का?’ अशी भीती असते आणि ती रास्त आहे. नावाऐवजी संकेतांक वापरावेत, नावे व संकेतांक यांची यादी वेगळी कुलूपबंद ठेवावी, आणि ध्वनिमुद्रण करायचे असल्यास त्याची स्वतंत्र संमती घ्यावी. लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीसमोर संमतीपत्र तिच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवावे आणि साक्षीदाराची सही घ्यावी.

लेखनासाठी वेळ काढणे

सोळा तासांचे अध्यापन, त्याची तयारी, अंतर्गत मूल्यमापन, प्रवेश समिती, नॅकची कागदपत्रे आणि विद्यापीठाच्या परीक्षांची पर्यवेक्षणे यांत लेखनासाठी सलग दिवस मिळत नाहीत. मिळतील अशी वाट पाहणारे प्राध्यापक उन्हाळी सुट्टीवर सारे ढकलतात, आणि सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात पेपर तपासणीतून उरलेला वेळ लेखनाला फारसा उपयोगी पडत नाही. त्यापेक्षा वेळापत्रक ठरतानाच विभागप्रमुखांना विनंती करून आठवड्यातील दोन सकाळी पहिला तास मोकळा ठेवून घ्यावा आणि त्या वेळेत केवळ लेखन करावे. त्या वेळेत संदर्भ शोधू नयेत, ईमेल पाहू नये. जेथे संदर्भ आठवत नाही तेथे चौकटी कंसात खूण करून पुढे जावे.

लेखनाचा क्रम वाचनाच्या क्रमासारखा नसतो. पद्धतीचा भाग आधी लिहावा, कारण तो आपण प्रत्यक्ष केलेला असतो. त्यानंतर तक्ते व आकृत्या आणि निष्कर्ष, मग चर्चा, नंतर प्रस्तावना आणि सर्वांत शेवटी सारांश लिहावा. विभागातील किंवा शेजारच्या महाविद्यालयांतील चार-पाच समवयस्कांचा गट करून महिन्यातून एकदा एकमेकांचे अपुरे मसुदे वाचावेत. विषय वेगळे असले तरी चालते. उलट वेगळ्या विषयाच्या वाचकाला जेथे कळत नाही, तेथे बहुधा आपलीच मांडणी कच्ची असते.

संदर्भांसाठी झोटेरो हे विनामूल्य सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून वापरावे. मराठी ग्रंथांच्या नोंदी देवनागरीत आणि रोमन लिप्यंतरात अशा दोन्ही प्रकारे ठेवाव्यात, म्हणजे इंग्रजी लेखात त्या पुन्हा टंकित कराव्या लागत नाहीत. मराठीत लेखन करणाऱ्यांसाठी एक आग्रहाची सूचना आहे : जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लेख टंकित करू नये. असा लेख छापील पानावर नीट दिसतो, परंतु शोधयंत्रांना तो वाचता येत नाही, आणि इंटरनेटवर असूनही तो कोणाला सापडत नाही. एखादे नियतकालिक जुन्या फॉन्टचीच मागणी करीत असेल तर युनिकोड प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि परवानगी असल्यास ती खुल्या संग्रहात ठेवावी.

मराठीत लिहावे की इंग्रजीत, याचे उत्तर वाचक कोण आहे यावर ठरवावे. स्थानिक इतिहास, साहित्य, लोकपरंपरा, शेती या विषयांचा जाणता वाचक मराठीत आहे आणि त्याच्यापर्यंत पोहोचणे हे दुय्यम काम नव्हे. इंग्रजीत लिहिताना मात्र मराठीत मसुदा करून त्याचे यंत्राकडून भाषांतर घेऊ नये. सोप्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत थेट लिहावे आणि इंग्रजी विभागातील सहकाऱ्याला दाखवावे.

जर्नलची निवड

विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य जर्नल्सची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आणि जर्नल निवडण्यासाठी मार्गदर्शक निकष सुचवून ती जबाबदारी संस्थांवर व संशोधकांवर सोपवली. ‘यूजीसी केअर लिस्टेड’ अशी जाहिरात आजही करणाऱ्या जर्नलपासून म्हणूनच सावध राहावे.

फसव्या जर्नलच्या खुणा ओळखणे कठीण नाही. ‘४८ तासांत प्रकाशन’ असा संदेश व्हॉट्सअ‍ॅप गटावर येतो. शुल्क आधी आणि लेख नंतर मागितला जातो. संख्याशास्त्रापासून संस्कृतपर्यंत सर्व विषयांचे लेख एकाच अंकात असतात. इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधील लेख सरासरी किती वेळा उद्धृत झाले याचे माप) म्हणून जो आकडा दिलेला असतो तो कोणी दिला याचा उल्लेख नसतो. आणि संपादक मंडळातील सदस्यांच्या स्वतःच्या संस्थेच्या पानावर त्या जर्नलचे नाव सापडत नाही. उलट चांगल्या जर्नलमध्ये मागील अंक पूर्ण पाहता येतात, पीअर रिव्ह्यूची पद्धत लिहिलेली असते, प्रत्येक लेखाला मिळालेला व स्वीकारलेला दिनांक असतो. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक अधिकृत पोर्टलवर तपासावा, तरी केवळ तो असणे हा दर्जाचा पुरावा नाही, कारण तो कोणत्याही नियतकालिकाला मिळू शकतो. खुल्या जर्नलची नोंद डीओएजे या सूचीत आहे का ते पाहावे. जर्नल स्कोपस या आंतरराष्ट्रीय लेखसूचीत असल्याचा दावा असेल तर तो स्कोपसच्याच स्रोतयादीत पडताळावा. मूळ जर्नलच्या नावाची हुबेहूब बनावट संकेतस्थळे तयार केली जातात. सर्वांत सोपी कसोटी अशी, की आपण स्वतः वाचलेल्या आणि उद्धृत केलेल्या लेखांपैकी एकही ज्या जर्नलमध्ये नाही, तेथे आपला लेख पाठवण्याचे कारण काय?

महाविद्यालयांत होणाऱ्या एकदिवसीय परिषदा आणि त्यांच्या शुल्क घेऊन छापलेल्या विशेषांकांबद्दलही हीच दक्षता घ्यावी. परिषदेला अवश्य जावे, निबंध वाचावा, प्रतिक्रिया ऐकावी. परंतु चांगला मसुदा विशेषांकात देऊन टाकला की तो पुन्हा अन्यत्र पाठवता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

साम्य, उचलेगिरी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

आयोगाच्या उचलेगिरी रोखण्याविषयीच्या २०१८ च्या स्वतंत्र विनियमांनुसार दुसऱ्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. त्यापुढे १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० टक्क्यांहून अधिक असे तीन स्तर आहेत. दुसऱ्या स्तरावर प्राध्यापकाची एक वेतनवाढ रोखली जाते व दोन वर्षे नव्या विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक होता येत नाही; तिसऱ्या स्तरावर दोन वेतनवाढी आणि तीन वर्षे. अवतरणचिन्हांत संदर्भासह दिलेला मजकूर, संदर्भसूची, कायद्यांचा मजकूर यांचा त्यात समावेश होत नाही. स्वतःचा आधी प्रकाशित मजकूर उल्लेख न करता पुन्हा वापरणे हेही गैर मानले जाते. प्रबंध शोधगंगेवर असल्याने त्यातून काढलेल्या लेखात साम्य मोठे दिसते. तळटीपेत प्रबंधाचा उल्लेख करावा आणि संपादकांना पत्रात तसे कळवावे. शब्द बदलून टक्केवारी खाली आणणाऱ्या सेवा शहरात आणि ऑनलाइन दोन्हीकडे मिळतात. त्यांचा वापर म्हणजे उचलेगिरी लपवणे होय, आणि शिवाय त्यांतून आलेली भाषा वाचवत नाही.

चॅटजीपीटीसारख्या साधनांना लेखक म्हणून नाव देता येत नाही, ही प्रकाशनविषयक आंतरराष्ट्रीय समित्यांची स्पष्ट भूमिका आहे. भाषेच्या दुरुस्तीसाठी वापर केला असल्यास जर्नलच्या नियमाप्रमाणे तो जाहीर करावा. संदर्भ मात्र कधीही अशा साधनाकडून घेऊ नयेत. ती अस्तित्वात नसलेले लेख खऱ्या लेखकांच्या नावाने देतात. मुलाखतींचे शब्दांकन किंवा उत्तरदात्यांची वैयक्तिक माहिती त्यांत टाकणे हा दिलेल्या संमतीचा भंग आहे.

परीक्षकांचे अभिप्राय आल्यावर

लेख नाकारला जाणे ही नित्याची गोष्ट आहे आणि ‘मोठ्या दुरुस्त्या’ असा निर्णय आला तर तो चांगला समजावा. अभिप्राय वाचून दोन दिवस बाजूला ठेवावा. नंतर तक्ता करावा : एका रकान्यात परीक्षकाचे वाक्य, दुसऱ्यात आपले उत्तर, तिसऱ्यात लेखातील बदललेल्या मजकुराचे पान. जेथे परीक्षकाचे म्हणणे पटत नाही तेथे पुराव्यासह, सौजन्याने असहमती नोंदवावी. प्रत्येक सूचना मान्य करणे अपेक्षित नसते, पण प्रत्येक सूचनेला उत्तर देणे अपेक्षित असते. परीक्षकाने मुद्दा चुकीचा समजून घेतला असेल, तरी बहुतेक वेळा ते वाक्य अधिक स्पष्ट लिहिण्याची गरज असते. नकार आला तर अभिप्रायांतील दुरुस्त्या केल्याशिवाय लेख दुसऱ्या जर्नलला पाठवू नये, कारण विषय लहान असेल तर तोच परीक्षक पुन्हा भेटतो.

अनुदान

पहिल्या वर्षी मोठ्या अनुदानाच्या मागे लागू नये. विद्यापीठाकडून किंवा संस्थेकडून बीजनिधी मिळतो का ते विचारावे आणि त्यातून प्राथमिक पाहणी करावी. तिचे निष्कर्ष हाती असले की समाजशास्त्रांतील प्राध्यापकांना १९६९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे, इतिहासाच्या अभ्यासकांना भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेकडे आणि विज्ञान-अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांना अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडे प्रस्ताव पाठवता येतो. या प्रतिष्ठानाचा कायदा २०२३ चा असून पूर्वीच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाचे काम आता त्याच्याकडे आले आहे. प्रस्तावात प्रत्येक खर्चाचे कारण एका वाक्यात लिहावे. मंजुरीनंतर पैसा संस्थेच्या खात्यात येतो, खरेदी ठरलेल्या नियमांनीच होते आणि वर्षअखेरीस विनियोग प्रमाणपत्र द्यावे लागते. म्हणून महाविद्यालयाच्या लेखापालांना प्रस्ताव पाठवण्याआधीच विश्वासात घ्यावे.

संशोधन मार्गदर्शक होताना

आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनुसार पीएच.डी. झालेल्या सहायक प्राध्यापकाचे पीअर रिव्ह्यू झालेल्या जर्नलमध्ये किमान तीन लेख असतील तर त्याला मार्गदर्शक म्हणून मान्यता मिळू शकते, आणि त्याला एका वेळी चार विद्यार्थी घेता येतात. चारही जागा एकाच वर्षी भरू नयेत. आधी एक विद्यार्थी घ्यावा, त्याचा कोर्सवर्क आणि विषयाचा आराखडा मार्गी लागेपर्यंत थांबावे. येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी बरेच जण तालुक्यांतील शाळा-महाविद्यालयांत नोकरी करणारे असतात. त्यांना किती वेळ देता येईल हे प्रवेशाआधीच स्पष्ट विचारून घ्यावे, दर पंधरवड्याची भेट ठरवावी आणि प्रत्येक भेटीची नोंद दोघांनी सही करून ठेवावी. विद्यार्थ्याच्या कामावरील लेखात कोणाचे नाव पहिले येईल, मार्गदर्शकाचे नाव केव्हा येईल आणि केव्हा येणार नाही, हेही त्याच वेळी कागदावर उतरवून त्याची एक प्रत विद्यार्थ्याला द्यावी.